बारावीनंतरची शिष्यवृत्ती : पालकांनी काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करावे

महाराष्ट्रात बारावीनंतर अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, नर्सिंग, कृषी किंवा नेहमीची कला-वाणिज्य-विज्ञानाची पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याला मिळू शकणारी आर्थिक मदत बहुतेक पालकांना वाटते त्याहून पुष्कळ अधिक आहे, आणि ती हातची जाण्याची कारणे मात्र त्यांना वाटतात त्याहून फार किरकोळ असतात. गुण कमी पडले म्हणून शिष्यवृत्ती गेली असे क्वचितच होते. आधारवरील नावात एक अक्षर वेगळे होते, दाखला मागच्या वर्षाचा होता, बँक खाते बंद पडलेले होते किंवा अर्ज दुरुस्तीसाठी परत आला आणि कोणी पाहिलेच नाही, म्हणून ती जाते. घरात पहिल्यांदाच कोणी महाविद्यालयात जात असेल, तर या गोष्टी सांगणारे माणूस जवळ नसते. अशा पालकांसाठी ही माहिती कामांच्या क्रमाने लिहिली आहे. योजनांच्या अटी आणि रकमा शासन निर्णयांनी बदलत राहतात, म्हणून अर्ज भरण्याच्या वर्षीचा निर्णय संकेतस्थळावर एकदा वाचून घ्यावा.

निकालाची वाट पाहू नये

बहुतेक घरांत शिष्यवृत्तीचा विषय बारावीचा निकाल लागून प्रवेश झाल्यावर निघतो. तोपर्यंत उशीर झालेला असतो, कारण जून-जुलैत सेतू केंद्र, तहसील कार्यालय, बँक आणि महाविद्यालयाची खिडकी या चारही ठिकाणी एकाच वेळी रांगा लागलेल्या असतात. कामाची विभागणी अशी करावी : जातीचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र यांचे काम अकरावीत सुरू करावे, आधार, नाव आणि बँक खाते यांची तपासणी बारावीच्या दिवाळीच्या सुट्टीत उरकावी, उत्पन्नाचा दाखला मात्र एप्रिल उजाडल्यावरच काढावा. तो एप्रिलमध्येच का, हे पुढे येईल.

नाव : सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत महत्त्वाचे काम

मुलाचे आधार कार्ड, दहावीची गुणपत्रिका, बारावीचे प्रवेशपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला आणि बँकेचे पासबुक एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवावे आणि नाव अक्षर अक्षर लावून वाचावे. मराठी नावे इंग्रजीत लिहिताना जितकी लिहिणारी माणसे तितकी स्पेलिंगे होतात. ज्ञानेश्वर हे नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर 'डीएनवाय'ने सुरू होते, आधारवर 'जीवाय'ने, आणि बँकेच्या कारकुनाने 'डीएन'नंतर थेट 'ए' टाइप केलेला असतो. घरच्यांना तिन्ही एकच वाटतात; संगणकाला ती तीन वेगळी माणसे दिसतात. वडिलांचे नाव 'बाबुराव' आणि 'बाबू', आईचे माहेरचे आणि सासरचे नाव, आडनाव आधी की शेवटी, हेही पाहावे. आडनावाचा क्रम बहुधा अडत नाही, स्पेलिंग मात्र अडते.

दुरुस्ती करताना दहावीची गुणपत्रिका प्रमाण धरावी आणि बाकीचे कागद तिच्याशी जुळवून घ्यावेत, कारण मंडळाच्या गुणपत्रिकेत बदल करून घेणे हे सर्वांत अवघड काम आहे. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, त्यामुळे आधार केंद्रावर पावती हातात आल्यावर तिथेच उभे राहून ती वाचून घ्यावी. मोबाइल क्रमांकही त्याच फेरीत पाहावा. आधारला जोडलेला क्रमांक गावाकडे असलेल्या काकांचा असेल आणि अर्ज भरणारा मुलगा पुण्यात असेल, तर प्रत्येक ओटीपीसाठी फोनाफोनी करावी लागते. तो क्रमांक मुलाचा किंवा मुलीचा स्वतःचा असावा, आणि पुढची चार वर्षे चालू राहणारा असावा.

उत्पन्नाचा दाखला

शिष्यवृत्तीसाठी विचारात घेतले जाणारे उत्पन्न हे ३१ मार्चला संपलेल्या आर्थिक वर्षाचे असते. जानेवारीत हौसेने काढून ठेवलेला दाखला म्हणूनच जुलैत कामाला येत नाही. एप्रिल किंवा मेच्या सुरुवातीला आपले सरकार सेवा केंद्रातून अर्ज करावा. शिधापत्रिका, आधार, शेती असल्यास सातबारा आणि आठ-अचा उतारा, नोकरी असल्यास फॉर्म १६ किंवा पगारपत्रक, आणि गावात असाल तर तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल, असे कागद सहसा लागतात. लोकसेवा हक्क कायद्याखाली या दाखल्यासाठी १५ दिवसांची मुदत ठरलेली आहे आणि ती उलटल्यास अपील करता येते. हे माहीत असलेला अर्जदार खिडकीवर थोडा वेगळ्या सुरात बोलतो, आणि त्याचा उपयोग होतो.

येथे एक गोंधळ नेहमी होतो. नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्राची (मागास प्रवर्गातील कुटुंब संपन्न गटात मोडत नाही, असे सांगणाऱ्या दाखल्याची) मर्यादा आठ लाख रुपये आहे आणि अनेक शिष्यवृत्त्यांची उत्पन्नमर्यादाही आठ लाख आहे. म्हणून एक मिळाले की दुसरे मिळणारच असे पालक धरून चालतात. पण नॉन-क्रीमीलेयर ठरवताना पगाराचे आणि शेतीचे उत्पन्न मिळकतीच्या कसोटीत धरले जात नाही, आणि शिष्यवृत्तीसाठी मात्र आई-वडिलांचे सर्व मार्गांचे एकत्रित उत्पन्न मोजतात. आई-वडील दोघेही शिक्षक असलेल्या घरात नॉन-क्रीमीलेयर मिळू शकते आणि शिष्यवृत्ती नाकारली जाऊ शकते. यात कोणाची चूक नसते. दोन मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत.

उत्पन्न कमी दाखवण्याचा सल्ला देणारे लोक प्रत्येक तालुक्यात भेटतात. तो ऐकू नये. नैतिक प्रश्न बाजूला ठेवला तरी, पुढे शैक्षणिक कर्जासाठी बँकेत जाताना नेमका उलटा, म्हणजे पुरेशा उत्पन्नाचा पुरावा द्यावा लागतो, आणि एकाच घराचे दोन वेगळे आकडे दोन सरकारी नोंदींत राहणे अडचणीचे ठरते.

जात वैधता

राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा असेल तर जातीच्या दाखल्याबरोबर जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते, आणि सगळ्या कागदांत सर्वाधिक वेळ हाच कागद घेतो. जुना पुरावा शोधावा लागतो हे त्याचे कारण आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास व विशेष मागास प्रवर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीची, कुटुंबाच्या जातीची आणि राहण्याच्या ठिकाणाची नोंद दाखवावी लागते. ही नोंद बहुधा आजोबांच्या किंवा पणजोबांच्या नावाने जिल्हा परिषदेच्या शाळेतील जुन्या निर्गम उताऱ्यात (शाळेत आल्या-गेल्या मुलांच्या रजिस्टरच्या उताऱ्यात) सापडते. मुख्याध्यापकांना आधी फोन करून जावे. जुनी रजिस्टरे कपाटातून काढायला, पाने उलटायला आणि कधी मोडी लिपीतली नोंद वाचणारा माणूस शोधायला वेळ लागतो. चुलत भावाला किंवा आत्याला आधीच वैधता मिळालेली असेल तर ते प्रमाणपत्र आणि वंशावळीचे शपथपत्र फार मोठा आधार ठरते. लग्नकार्यात भेटलेल्या भावकीकडे आवर्जून चौकशी करण्यासारखी ही गोष्ट आहे.

बँक खाते

शासनाची रक्कम खाते क्रमांकावर न जाता आधार क्रमांकाशी संलग्न असलेल्या खात्यावर जाते. एका व्यक्तीची चार खाती असली तरी आधार संलग्न असलेले खाते एका वेळी एकच असते, आणि ते सर्वांत शेवटी ज्या बँकेत जोडले तेच असते. बँकेत केवायसीसाठी आधारची प्रत देणे आणि थेट लाभासाठी खाते आधारशी संलग्न करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी वेगळा संमती अर्ज भरून द्यावा लागतो. आधारच्या संकेतस्थळावर ओटीपी टाकून कोणती बँक संलग्न आहे आणि ती स्थिती सक्रिय आहे का, हे दोन मिनिटांत दिसते.

ठराविक घोटाळा असा होतो. मूल सहावीत असताना शाळेने शून्य शिलकीचे खाते उघडून घेतलेले असते, त्यात पुढे काहीच व्यवहार झालेला नसतो आणि ते निष्क्रिय पडलेले असते. महाविद्यालयाच्या वेळी नवे खाते उघडले जाते, अर्जात तेच लिहिले जाते, पण संलग्नता जुन्याच खात्याशी राहते. रक्कम मंजूर होते आणि परत फिरते. म्हणून मूल अठरा वर्षांचे झाल्यावर अज्ञान (अल्पवयीनाचे) खाते बदलून घ्यावे, वापरायचे एकच खाते ठरवावे, त्यालाच आधार संलग्न करावे आणि दर दोन-तीन महिन्यांनी त्यात एखादा छोटा व्यवहार करत राहावे. जवळ बँक नसेल तर टपाल खात्याच्या इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे खाते चालते.

आपल्यासाठी कोणती योजना

राज्य शासनाच्या बहुतेक शिष्यवृत्त्या महाडीबीटी या एकाच संकेतस्थळावर आहेत, पण त्या वेगवेगळ्या विभागांच्या असल्याने यादी पाहून नवख्या माणसाला भोवळ येते. प्रवर्ग आणि उत्पन्न या दोन गोष्टी धरून वाचली की ती सोपी होते.

अनुसूचित जाती आणि जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी, कौटुंबिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असल्यास, भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिच्यात शुल्काबरोबर निर्वाहासाठीही रक्कम मिळते. अनुसूचित जातींसाठी ती अभ्यासक्रमाच्या गटानुसार वर्षाला २,५०० ते १३,५०० रुपये आहे आणि वसतिगृहात राहणाऱ्यास ती अधिक मिळते. उत्पन्न अडीच लाखांच्या वर असलेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यासाठी शिक्षण व परीक्षा शुल्काची वेगळी योजना आहे, जिला सगळीकडे 'फ्रीशिप' म्हणतात. विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गाला व्यावसायिक अभ्यासक्रमांत शुल्काची पूर्ण प्रतिपूर्ती मिळते, इतर मागास प्रवर्गातील मुलग्यांना निम्मी.

खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. उत्पन्न आठ लाखांच्या आत असावे, विद्यार्थी महाराष्ट्राचा अधिवासी असावा आणि कुटुंबातील पहिल्या दोन अपत्यांपैकी असावा, अशा तिच्या मुख्य अटी आहेत. मुलांना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची निम्मी रक्कम मिळते. मुलींच्या बाबतीत मोठा बदल झाला तो ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने : २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत या दोन्ही शुल्कांचा पूर्ण लाभ दिला जातो.

'मुलींचे शिक्षण मोफत' अशी बातमी वाचून महाविद्यालयात गेलेल्या पालकांची जी निराशा होते, तिचे कारण 'शिक्षण शुल्क' या शब्दांत आहे. महाविद्यालयाच्या एकूण फीमध्ये शिक्षण शुल्क, विकास शुल्क आणि इतर किरकोळ आकारण्या असे भाग असतात, आणि योजना फक्त पहिल्या भागाला आणि परीक्षा शुल्काला लागू होते. समजा, शिक्षण शुल्क ९० हजार आणि विकास शुल्क ९ हजार आहे. मग पात्र मुलीला ९ हजार आणि किरकोळ रक्कम भरावी लागेल, आणि त्याच वर्गातील खुल्या प्रवर्गाच्या मुलाला साधारण ५४ हजार. महाविद्यालयांची यादी करताना शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेल्या शुल्काचे असे विभाजन प्रत्येक महाविद्यालयाचे मागून घ्यावे. त्याशिवाय दोन महाविद्यालयांची खरी तुलना होत नाही.

प्रवेश घेतानाच होणारे नुकसान

या योजनांचा लाभ राज्य सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून मिळालेल्या जागेलाच असतो. व्यवस्थापन कोट्यातील किंवा संस्थास्तरावर घेतलेल्या प्रवेशाला नसतो. दुसऱ्या फेरीत अमुक महाविद्यालयात मेकॅनिकल मिळाले, पण मुलाला कॉम्प्युटरच हवे, म्हणून पालक शेजारच्या महाविद्यालयात संस्थास्तरावर प्रवेश घेतात, आणि चारही वर्षांची शिष्यवृत्ती त्या एका सहीने संपते. असा प्रवेश घेऊच नये असे नाही, परंतु घेण्यापूर्वी चार वर्षांच्या पूर्ण शुल्काची बेरीज कागदावर करून मुलासमोर ठेवावी. माझे मत विचाराल तर, बऱ्याच घरांत शाखेचे नाव त्या बेरजेइतके मोलाचे नसते.

प्रवेशाच्या वेळी काही महाविद्यालये पात्र विद्यार्थ्याकडेही आधी पूर्ण फी मागतात आणि 'शिष्यवृत्ती आली की परत देऊ' असे सांगतात. शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्यांकडून अशी आगाऊ वसुली करू नये अशा सूचना शासनाने वेळोवेळी दिलेल्या आहेत. तोंडी वाद घालण्यापेक्षा प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज द्यावा, त्यात योजनेचे नाव आणि पात्रता लिहावी आणि आवक शिक्क्याची प्रत घ्यावी. तरी अडले तर तंत्रशिक्षण किंवा उच्च शिक्षण विभागाचे विभागीय सहसंचालक कार्यालय आणि मागासवर्गीयांसाठी जिल्ह्याचे समाजकल्याण सहाय्यक आयुक्त कार्यालय ही दाद मागण्याची ठिकाणे आहेत. आदिवासी विद्यार्थ्यांनी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जावे.

अर्ज भरताना

अर्ज मुलाने भरावा आणि पालकाने शेजारी बसावे. सायबर कॅफेत भरून घेणे चुकीचे नाही, पण तिथला चालक स्वतःचाच मोबाइल क्रमांक आणि ठरलेला एक पासवर्ड टाकून मोकळा होतो, आणि डिसेंबरात अर्ज उघडायची वेळ आली की दुकान बंद किंवा चालक बदललेला असतो. वापरकर्ता नाव आणि पासवर्ड घरातल्या एका वहीत लिहून ठेवावा.

संकेतस्थळावर आधी प्रोफाइल पूर्ण करावे लागते : वैयक्तिक माहिती, पत्ता, पालकांची माहिती, चालू अभ्यासक्रम, आधीचे शिक्षण आणि वसतिगृह. ते पूर्ण झाल्यावर पात्र योजनांची यादी समोर येते. ती यादी भरलेल्या माहितीवरून तयार होते, त्यामुळे अपेक्षित योजना दिसत नसेल तर आपण अपात्र आहोत असे समजण्याआधी प्रवर्ग, उत्पन्न, अधिवास आणि प्रवेशाचा प्रकार हे चार रकाने पुन्हा तपासावेत. दहावीनंतर किंवा बारावीनंतर एखादे वर्ष मोकळे गेले असेल तर ते लपवू नये आणि खंडाचे शपथपत्र जोडावे. वसतिगृहाचा रकाना नीट समजून भरावा. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलाने 'वसतिगृह' निवडले आणि वसतिगृहाचा दाखला जोडला नाही, की अर्ज परत येतोच.

कागदपत्रे फोनवर तिरपी, सावलीसह काढून चढवू नयेत. पडताळणी करणारा कारकून दिवसाला शेकडो अर्ज पाहतो. त्याला दाखल्याचा क्रमांक आणि तारीख वाचता आली नाही तर तो फोन करून विचारत बसत नाही.

अर्ज पाठवल्यानंतर

अर्ज पाठवला की काम संपले असे वाटते, आणि सर्वाधिक अर्ज नेमके येथे मरतात. अर्ज प्रथम महाविद्यालयाच्या लिपिकाकडे, मग प्राचार्यांकडे आणि त्यानंतर संबंधित विभागाच्या जिल्हा किंवा विभागीय कार्यालयाकडे जातो. त्रुटी आढळल्यास तो विद्यार्थ्याच्या खात्यात परत पाठवला जातो आणि ठरलेल्या मुदतीत दुरुस्त करून पुन्हा पाठवावा लागतो. सूचना देणारा संदेश कधी येतो, कधी येत नाही. दर पंधरवड्याला, ठरवून, संकेतस्थळ उघडून अर्जाची स्थिती पाहावी. दोन-तीन आठवडे अर्ज महाविद्यालयाच्याच टेबलावर दिसत असेल, तर मुलाने मूळ कागद आणि अर्जाची छापील प्रत घेऊन शिष्यवृत्ती विभागाच्या लिपिकाला भेटावे. तो लिपिक म्हणजे तुमच्या मुलाच्या शिष्यवृत्तीच्या वाटेवरचा सर्वांत महत्त्वाचा माणूस आहे. त्याच्याशी नम्रपणे आणि चिकाटीने बोलायला मुलाला पहिल्याच वर्षी शिकवावे. 'मुदत दरवर्षी वाढते' या भरवशावर तर कोणीच राहू नये.

पैसे आल्यावरची एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के वाटा असतो, आणि केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर येतो. त्यात महाविद्यालयाचे शुल्कही असते. घरात अडचण असताना खात्यावर अचानक मोठी रक्कम दिसली की ती बी-बियाण्यात किंवा दवाखान्यात जाते, आणि वर्षाच्या शेवटी महाविद्यालय परीक्षा अर्ज अडवते. कोणत्या रकमेतून किती महाविद्यालयाचे आणि किती आपले, हे लिपिकाकडून लिहून घ्यावे, शुल्काचा भाग लगेच भरावा आणि पावती घ्यावी.

केंद्राच्या शिष्यवृत्त्या

केंद्र शासनाच्या योजना राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर असतात आणि त्यासाठी आधी आधारवर आधारलेली एकदाच करायची नोंदणी लागते. बारावीत आपल्या मंडळाच्या आणि शाखेच्या वरच्या २० टक्क्यांत आलेल्या, साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्याला केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्तीतून पदवीची तीन वर्षे दरसाल १२ हजार रुपये मिळतात. साध्या बीए-बीकॉमला जाणाऱ्या हुशार मुलांसाठी ही उत्तम आहे आणि ग्रामीण महाविद्यालयांत तिची माहिती फारच कमी असते. एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) प्रगती शिष्यवृत्ती तंत्रशिक्षणाच्या पदवी आणि पदविकेतील मुलींसाठी आहे. दरसाल ५० हजार रुपये, उत्पन्न आठ लाखांपर्यंत, एका कुटुंबातील दोन मुलींपर्यंत. अपंग विद्यार्थ्यांसाठी 'सक्षम' आणि अनाथ मुलांसाठी 'स्वनाथ' या तिच्या बहिणी आहेत.

एकाच शिक्षणासाठी दोन शासकीय शिष्यवृत्त्या सहसा घेता येत नाहीत. मग कोणती घ्यायची हा हिशेबाचा प्रश्न आहे : ज्या मुलीचे शिक्षण शुल्क राज्याच्या योजनेतून आधीच माफ होते, तिच्या बाबतीत माफ होणारी रक्कम आणि ५० हजार यांत जे मोठे ते घ्यावे.

संस्था आणि कंपन्यांची मदत

रिलायन्स फाउंडेशनची पदवी शिष्यवृत्ती कोणत्याही शाखेच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यांसाठी आहे. पूर्ण पदवीकाळासाठी दोन लाखांपर्यंत रक्कम आणि निवडीसाठी अभियोग्यता चाचणी असते. पुण्यातील लीला पूनावाला फाउंडेशन मुलींसाठी काम करते. याशिवाय जिल्ह्याजिल्ह्यांत ज्ञातिसंस्था, रोटरी क्लब, सहकारी बँकांचे आणि साखर कारखान्यांचे न्यास पाच-दहा हजारांची मदत देतात. या लहान रकमांना अर्जदार कमी असतात, म्हणून त्या मिळण्याची शक्यता नावाजलेल्या शिष्यवृत्त्यांपेक्षा बरीच जास्त असते.

खासगी शिष्यवृत्तीत निबंध किंवा मुलाखत असते. 'मी अत्यंत गरीब व होतकरू विद्यार्थी आहे' हे वाक्य निवड समितीने हजारदा वाचलेले असते. त्याऐवजी 'आमची अडीच एकर कोरडवाहू शेती आहे, गेल्या वर्षी सोयाबीन पावसात गेले, बारावीत मी सकाळी दूध संकलन केंद्रावर काम करून नऊच्या एसटीने कॉलेजला जात होतो' असे लिहिले तर वाचणाऱ्याला मुलगा दिसतो. निबंध मुलानेच लिहावा. पालकांनी फक्त आकडे आणि तारखा तपासाव्यात. शिक्षकांच्या शिफारसपत्रासाठी किमान दोन आठवडे आधी विचारावे.

नोंदणी शुल्क, प्रक्रिया शुल्क किंवा ओटीपी मागणारी 'शिष्यवृत्ती' ही फसवणूक समजावी. व्हॉट्सॲपवर फिरणारे मोफत लॅपटॉपचे दुवे उघडूच नयेत.

राहण्या-जेवण्याचा खर्च

शहरात शुल्कापेक्षा हाच खर्च घराला जड जातो. समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाची शासकीय वसतिगृहे गुणानुक्रमाने मिळतात. तिथे जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांत तिची रक्कम वर्षाला ६० हजार आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम्, इतर मागास व भटक्या प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार, आणि अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. ही शेवटची योजना शाहू महाराज शिष्यवृत्तीबरोबर घेता येते, तिच्यासाठी तहसीलचे अल्पभूधारक प्रमाणपत्र लागते. पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समितीची अल्प दरातील वसतिगृहे आहेत. अनेक महाविद्यालयांत 'कमवा आणि शिका' योजनाही असते. ग्रंथालयात किंवा बागेत रोज दोन-तीन तासांचे काम आणि तासावर मानधन.

कर्ज

सगळे करूनही रक्कम कमी पडली तर कर्जाकडे वळावे, आणि तेवढ्याच कमी पडलेल्या रकमेचे घ्यावे. शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखांपर्यंत हमी निधीच्या योजनेखाली तारण लागत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील प्रवेशासाठी तारणाशिवाय आणि जामिनाशिवाय कर्ज मिळते, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत आहे. आपले महाविद्यालय त्या यादीत आहे का, हे प्रवेशाआधी पाहावे. शाखाधिकाऱ्याने तोंडी नकार दिल्यास अर्ज पोर्टलवरूनच करावा, म्हणजे नकाराचे कारण नोंदीत राहते.

दुसऱ्या वर्षापासून

शिष्यवृत्ती आपोआप पुढे चालू राहत नाही. दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो आणि आधीच्या वर्षाची गुणपत्रिका जोडावी लागते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत ७५ टक्के उपस्थितीची अट आहे आणि ती गैरहजेरी कोणी मागाहून भरून देत नाही. वर्ष वाया गेले, महाविद्यालय बदलले किंवा अभ्यासक्रम मध्येच सोडला, तर संकेतस्थळावरील जुनी नोंद तशीच राहते आणि नवा अर्ज अडतो. अशा वेळी आधीच्या महाविद्यालयाकडून प्रवेश रद्द केल्याचे पत्र आणि किती शिष्यवृत्ती मिळाली याचा दाखला तिथून बाहेर पडतानाच घ्यावा, कारण वर्षभराने तेच पत्र मागायला गेल्यावर लिपिक बदललेला असतो आणि मूळ फाइल गोदामात गेलेली असते.